समजलं नाही, पुन्हा सांगा

शनिवार, २ नोव्हेंबर

खोकी आली. माणूस यायचाय अजून, पण खोकी पुढे धाडली! दोन मोठी, एक लांबट, आणि एक इतकं जड की कुरिअरवाल्याने ते दारातच टेकवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच हौसेने मागवलंय.

स्पीकर आहेत. बाबांच्या गाडीसाठी. धाकटे राजे — आमचे बंधुराज — फोनवर म्हणाले, ताई, उघडू नकोस, आल्यावर बसवून घेऊ, बाबांना सरप्राइज. हे सगळं फोन स्पीकरवर असताना, बाबा शेजारी बसलेले असताना! उन्हाळ्यात पक्षाघाताचा झटका आला तेव्हा बाबांचं बोलणं गेलं. ऐकणं गेलं नाही, समजणंही नाही. एवढा साधा फरक ह्याच्या डोक्यात अजून शिरत नाही.

रविवार, ३ नोव्हेंबर

खोक्यांवरून दोनदा अडखळले. आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

राजे सकाळी अवतरले. अंघोळ, चहा, आणि लगेच खोक्यांपाशी मांडी घालून बसला. मला कसं चाललंय हे विचारलं, पण कात्री शोधता शोधता.

जेवताना मूळ विषय निघालाच. बाबांना महिनाअखेरीस त्याच्याकडे न्यायचंय. लिफ्ट आहे, इमारतीसमोरच व्यायामाचं आणि बोलायला शिकवायचं केंद्र आहे, भावजय दुपारी घरी असते. सगळं पाठ करून आलेला. मग बाबांकडे वळून मोठ्या आवाजात — लहान मुलाशी बोलावं तसं — "काय बाबा, यायचं ना माझ्याकडे?"

बाबांनी घास खाली ठेवला. तोंड हललं. "रिव्हर्स," म्हणाले. "रि... रिव्हर्स."

हा एकच शब्द राहिलाय त्यांच्याकडे. उभी हयात ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, हजारो लोकांना गाडी शिकवली, आणि सगळे शब्द गेले तेव्हा हा एवढा मागे राहिला. चहा हवा, रिव्हर्स. पंखा बंद कर, रिव्हर्स. सूर बघून अर्थ लावायचा असतो. मला जमतं.

"बघ, नको म्हणतायत," मी म्हटलं.

"तुला कसं कळलं?"

"मला कळतं."

त्याने मान खाली घालून भात कालवायला घेतला. मग काय तर! ह्या घरात बाबांचं बोलणं माझ्याशिवाय कुणाला कळतं? आणि बाबा गेले तर ह्या घरात उरेल कोण — मी आणि फ्रिज.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आज गाडीची चिरफाड. दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनवर असते, तिथून रजा घेतली, कारण बाबांना राजे आणि स्पीकरच्या दुकानदाराच्या भरवशावर सोडायची माझी छाती होत नाही.

दुकान म्हणजे निळ्या दिव्यांची गुहा. भिंतभर स्पीकर, सगळे डोळे वटारल्यासारखे. मालकाला मी मनातल्या मनात डीजे म्हणते. बोटांत अंगठ्या, गळ्यात हेडफोन, कानात काहीच नाही. राजांना 'सर', मला 'मॅडम, तुम्ही एसीत बसा ना'. मी बसले नाही. चारही दारांचे आतले पत्रे काढून त्यांनी भिंतीला उभे केले आणि दारांना काळी चिकट शीट लावायला घेतली. म्हणे दार आता वाजणार नाही, फक्त गाणं वाजेल. वीस वर्षं वाजणारी दारं! कोणतं दार कुठल्या खड्ड्यात वाजतं हे मला झोपेत सांगता येईल.

डिकीत प्लायवूडची पेटी बसवली, आत ताटाएवढा स्पीकर. डिकी भरली. मग मी अगदी गोड आवाजात विचारलं, की बाबांचा वॉकर आता कुठे ठेवायचा?

राजे आणि डीजे एकमेकांकडे बघत राहिले. दोन शहाणे, एक टेप, चार वेळा माप घेतलेलं, आणि वॉकर कुणाच्याच डोक्यात आला नाही. "टपावर कॅरिअर लावून देऊ," डीजे म्हणाला. म्हणजे डॉक्टरकडे जाताना मी टपावर चढायचं!

पण खरी गंमत पुढे. ही शिकवायची गाडी, त्यामुळे डावीकडेही क्लच-ब्रेक आहेत. बाबांचा सगळा जन्म त्या डाव्या सीटवर गेला. डीजे म्हणाला, ही जादाची पेडलं काढली तर ॲम्प्लिफायर तिथे झकास बसेल. राजे 'हो' म्हणणार, तेवढ्यात बाबा खुर्चीवरून उठले. वॉकर सरकवत सरकवत गाडीपाशी गेले, डाव्या सीटवर बसले आणि ब्रेकवर पाय ठेवला. ठेवला तो ठेवलाच. डीजेने विनवलं, राजांनी समजावलं. पाय हलला नाही.

ॲम्प्लिफायर सीटखाली गेला. आजच्या दिवसातली एवढीच करमणूक.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

प्रात्यक्षिक झालं. गाडी फाटकाच्या आत, बाबा डावीकडे, राजे स्टिअरिंगवर, मी मागे कोंबलेली. पडद्यावर रंगीत पट्ट्या. बोटाने पट्टी वर केली की आवाज जाड, खाली केली की बारीक. एकेका पट्टीवर राजे असे रेंगाळत होते, जणू पक्वान्नात मीठ जोखतायत. "ताई, बास ऐक, बास!" ऐकायचा कसला, तो जाड आवाज माझ्या दाढांत वाजत होता. शेजारचे काका गच्चीवरून वाकून बघून गेले.

आणि मग सरप्राइज उलगडलं. ह्या यंत्राला हात लावायचा नाही. ह्याला बोलून सांगायचं. बटण दाबायचं, गाणं लाव म्हणायचं, ते लावतं. आवाज कमी कर, करतं. स्वतःचा जुना फोन सिमकार्डासकट त्याने गाडीतच ठेवून दिलाय. ताईला फोन लाव म्हटलं की मला लागतो, मुलाला म्हटलं की त्याला. आपल्या भाषेत कळतं त्याला! — हे राजे केवढ्या अभिमानाने.

मी ऐकत होते. विश्वास बसत नव्हता. बोलणं गेलेल्या माणसाला ह्याने बोलण्यावर चालणारं यंत्र आणून दिलं! दुकानात कुणीच ह्याच्या कानाखाली वाजवली नाही?

"बाबा, म्हणून बघा काहीतरी," म्हणत त्याने बटण दाबलं.

"रिव्हर्स," बाबा म्हणाले.

"समजलं नाही. पुन्हा सांगा," यंत्रातली बाई म्हणाली. गोड, गुळगुळीत आवाज. आमच्या दवाखान्यात अशा आवाजाची मुलगी कुणी ठेवणार नाही, पेशंटला वाटेल दात आधीच उपटला.

मी मागून हात घालून ते बंद केलं. राजांचे कान लाल झाले होते. बरं वाटलं.

रविवार, १० नोव्हेंबर

गेला. महिनाअखेर परत येतोय, "तेव्हा ठरवून टाकू". काय ठरवायचंय? ठरलंय.

जाताना माझ्या हातात माहितीपुस्तिका दिली. पहिलं वाक्य: 'आपले नवीन श्रवणसुख अभिनंदनपूर्वक सुरू करा.' एवढं एक वाचून ठेवून दिली.

बुधवार, १३ नोव्हेंबर

स्पीच थेरपिस्टची पाळी. दर बुधवारी येते, पोरगेलीशी आहे, चित्रांची कार्डं घेऊन. तिने बाबांना कपाचं चित्र दाखवलं. बाबांचं तोंड हलू लागलं, मी म्हटलं, कप म्हणतायत. तिने कार्ड खाली ठेवलं आणि मला म्हणाली, तुम्ही थोडा वेळ आतल्या खोलीत बसाल का?

मी! माझ्याच घरात! सहा महिने जेवणखाण, औषधं, रात्रीची उठबस मी करायची, आणि कालची पोर मला आत बसवणार. गेले आत. अर्धा तास नुसता "क... क..." ऐकू आला. एक कप होईना तिच्याने.

वॉकर मागच्या सीटवर आडवा ठेवून डॉक्टरकडे जायला निघाले तर गाडी सुरू होईना. बॅटरी उतरलेली. रिक्षाने गेलो. श्रवणसुख!

शनिवार, १६ नोव्हेंबर

बॅटरी पुन्हा ठार. मेकॅनिक नवीन तारा हुंगत बसला आणि डीजेच्या घराण्याचा उद्धार करून घेतला. मग म्हणाला, वायरिंग ठीक आहे, कुणीतरी इंजिन बंद ठेवून आत बसून हे वाजवतंय.

कामाच्या मावशींना विचारलं. दुपारी मी दवाखान्यात असते तेव्हा त्याच असतात बाबांपाशी. आधी पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या, मग सांगितलं. जेवण झालं की बाबा किल्ली घेतात आणि गाडीत जाऊन बसतात. रोज. ह्यांनी सोबत बसायला गेलं की हाताने 'जा' म्हणतात. "गाणी ऐकतात का?" "न्हाई बाई. त्या बाईशी बोलत्यात."

मला हसूच आलं. आणि मग आलं नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर

आज डोकं दुखतंय असं सांगून लवकर निघाले. फाटकाबाहेरच उभी राहिले.

गाडीची काच अर्धी खाली. बाबा डाव्या सीटवर, दोन्ही पाय त्यांच्या त्या पेडलांवर. बटण दाबलं. "फ..." म्हणाले. "फ... फ..."

"समजलं नाही. पुन्हा सांगा."

पुन्हा बटण. "फो."

"समजलं नाही. पुन्हा सांगा."

माझ्या जिभेवर तो शब्द तयार होता. दोन पावलं टाकून काचेतून सांगून मोकळी झाले असते. ती बाई मात्र तेच वाक्य, त्याच सुरात. उसासा नाही, भुवई नाही, 'असू दे बाबा, राहू दे' नाही. दगड आहे ती, दगडाला कसलं कौतुक! पण बाबा तिच्यावर चिडत नव्हते. माझ्यावर चिडतात. ताट सरकवतात.

किती वेळ गेला कोण जाणे. पोस्टमन येऊन गेला.

"फोन," बाबा म्हणाले. स्वच्छ. माझे बाबा!

"कोणाला फोन लावू?" बाईने विचारलं.

बाबांनी बंद केलं आणि डोकं मागे टेकवलं. घामाघूम झाले होते. मी पुढच्या चौकापर्यंत जाऊन परत आले, म्हणजे रडलेलं दिसू नये.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

चहा देताना अगदी सहज विचारलं, बाबा, फोन म्हणता येतं ना तुम्हाला? म्हणा बघू. फो... फो...

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कपाकडे. "रिव्हर्स," म्हणाले.

यंत्राशी बोलतात, पोटच्या पोरीशी नाही.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

मला कळलं ते काय करतायत! पुढचा शब्द शिकतायत. कोणाला फोन लावू, ह्याचं उत्तर. फोन मलाच येणार. दुपारी घरी नसलेली माणसं दोन — एक इथे, तीन चौक पलीकडे. दुसरा दुसऱ्या गावी, वर्षातून एकदा खोकी घेऊन उगवणारा.

मोबाईल रिसेप्शनच्या टेबलावर समोरच ठेवला. डॉक्टर म्हणाले, आज कुणाची वाट बघताय? मी म्हटलं, घरचा यायचाय. एका बाईला चुकून भलत्याच दिवसाची वेळ दिली.

राजांना ह्यातलं काही सांगितलेलं नाही. लगेच म्हणेल, बघ ताई, मी आणलेलं यंत्र! त्याचा तो विजयी चेहरा मला ह्या जन्मी बघायचा नाही. बाबा मला फोन करतील, मग मी त्याला करेन. म्हणेन, ते बोलतायत, माझ्याशी बोलतायत, आता नेण्याबिण्याचा विषय संपला.

बॅटरीसाठी चार्जर आणला. मावशींना दाखवून ठेवलंय, रोज संध्याकाळी लावायचा.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

नाही आला.

शनिवार, २३ नोव्हेंबर

नाही. दुपारी जेवायला उठलेसुद्धा नाही, न जाणो तेवढ्यात वाजला तर. चार्जर लावलेला होता, घरी येऊन बघितलं.

सोमवार, २५ नोव्हेंबर

फोन आला. राजांचा. मी 'हॅलो' म्हटलं आणि पलीकडे नुसता श्वास. मग म्हणाला, "ताई, बाबांचा फोन आला होता."

मी म्हटलं, काहीतरीच.

"खरंच. आधी वाटलं, चुकून लागला. नुसती घरघर. ठेवणार होतो. ने, म्हणाले. मला ने. दोनदा म्हणाले ताई."

त्याने बढाई मारली असती तर बरं झालं असतं.

"अजून एक म्हणाले. तिला तू सांग."

घरी आले. बाबा खिडकीपाशी बसले होते. त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि विचारलं, बाबा, जायचंय तुम्हाला त्याच्याकडे? त्यांचं तोंड हलायला लागलं. माझं उघडलं होतं, मिटलं. हात मांडीखाली दाबून बसून राहिले.

खूप वेळ लागला.

"जा... जायचंय," बाबा म्हणाले.