पोळ्याचा दोर

पोळ्याचा दुसरा दिवस, शुक्रवार
सांगणं माझं, लिहिणं सुनेचं, लताचं. नवऱ्याची चूक आली की तिची लेखणी हळू होते.
काल तोरण तुटलं, बैल उधळले. माझ्या लेकानं, महादेवानं, बैलाचा दोर उजव्या मनगटाले गुंडाळून धरलेला. स्वतः वळलेला दोर, त्याचा तोरा. दोर शाबूत राह्यला, कोपरात टचकन वाजलं. दंडाचा गोळा वर सरकला, कातड्याखाली लिंबू ठेवल्यावाणी. सणाच्या दिवशी दवाखाना कशाले, म्हणून तेल चोळत बसला.

चतुर्थी, सोमवार
आदिलाबादचा डॉक्टर हिंदीत बोलला, लतानं मले समजावलं. दंडाचा गोळा हाडाले बांधणारी शीर कोपरापासून सुटली. ऑपरेशन करून परत बांधता येते, पण पंधरवड्याच्या आत. मग ती आखडून जाते. नुसता झोळीत ठेवला, पुढं कसरत केली, तरी हात वाकंल, घास तोंडी जाईल. पीळ द्यायची ताकद मात्र कमी राहील.
महादेव म्हणे, "कापताना नस दुखावली, अंगठा बधिर झाला तं?"
"अंगठा माझ्या कामाचा, बापा. तुले तर सही येते."
हसला. ठरवलं काही नाही.

महालक्ष्म्या, शुक्रवार
जेवणं झाल्यावर डोळा लागला. पैनगंगेवर कापसावाणी धुकं, धुक्यात महादेव दोर वळून राह्यला. एक टोक माझ्या हाती. मी ओढावं, त्यानं सैल सोडावं, दोर लांबतच...
जाग आली तं हाती पदर.
लता म्हणते, "तुमी सांगा त्यायले, ऑपरेशन करा म्हणून." मी काऊन सांगू? हात त्याचा.

अनंत चौदस, गुरुवार
पंधरवडा सरला. आदिलाबादची बस आली, थांबली, गेली. महादेव ओट्यावरच.
"नाही कापत, माय. वाकते तेवढा पुरे."
मी त्याले जे बोलली ते लतानं लिहिलं नाही. बरं केलं.

दसरा, मंगळवार
आज जिल्ह्याचे चार तुकडे झाले म्हणे. आपलं गाव जैनथ, ते आदिलाबादातच राह्यलं.
महादेव सोनं द्यायला आला, डाव्या हातानं. "उजवा दाव," म्हटलं. तळहात आभाळाकडं वळला, हळूहळू, झोपेतून उठल्यावाणी. मी वर आपट्याचं पान ठेवलं.
"पाह्य माय, पेललं."
"पान पेललं."
आढ्याले अंबाडीचा वाख टांगला आहे, पुढच्या पोळ्याच्या दोरासाठी. त्यानं तिकडं पाह्यलं. मीही.
लता विचारते, पुढं काय लिहू. थांब म्हटलं, त्याचा हात अजून उघडाच आहे.