फोटोतले गाल

न्सांजे, १९ फेब्रुवारी

प्रिय फालेसीताई,

तू तिकडे जोहान्सबर्गला बरी असशील. इकडे आई ठीक आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. मक्याला कणसं धरलीत, कापणीपर्यंत अजून महिनाभर कसंबसं काढायचं. दवाखान्यातली ड्युटी करून पाय मोडून आलेत, तेव्हा अक्षर चालवून घे.

फोनवर तू दोनदा विचारलंस, म्वाई कशी आहे. दोन्ही वेळा मी आईच्या गुडघ्याचं बोलत बसले. आता लिहूनच सांगते. तुझी लेक अकरा दिवस झाले माझ्याच वॉर्डात आहे.

डिसेंबरचा तिचा फोटो तू कामावरच्या मालकिणीला दाखवलास, गाल बघा म्हणालीस. ते बाळसं नव्हतं, ताई. सूज होती. शरीरातलं थोडं पाणी पेशींच्या आत असतं, थोडं बाहेर. नुसत्या मक्याच्या पेजेवर राहिलेल्या पोराच्या अंगात ते बाहेरच साचत जातं. मूल गुबगुबीत दिसतं आणि आतून उपाशी असतं. आईने स्वतः न खाता तिला भरवलं, पण घरात होती फक्त पेज. आईला बोल लावू नकोस.

दाखल केलं तेव्हा पाय टम्म होते, कातडी सोलत होती. आई सलाईनसाठी अडून बसली. सगळ्या वॉर्डासमोर म्हणाली, "परक्यांच्या पोरांना बाटल्या लावतेस, आणि बहिणीच्या पोरीला पाणी देताना हात आखडतो होय?" पण आणखी पाणी म्वाईच्या हृदयाला झेपलं नसतं. मी नाही म्हटलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी दर दोन तासांनी घोट घोट औषधी दूध पाजत राहिले, आणि फार घाबरले होते.

परवा सूज उतरली. काल तिने स्वतःहून कप मागितला. सोबतचा फोटो बघून रडू नकोस. बरगड्या दिसतात, पण ती आता जगेल. जुना फोटो भिंतीवरून काढ.

तो मीच काढला होता. सूज ओळखायला रोज तीस पोरांच्या पायांवर अंगठा दाबून खळगा राहतो का, ते मी बघते. त्या दिवशी दमून घरी आले, तिला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "हस बघू." पाय दाबून बघितला नाही.

आता तिचा पाय रोज दाबते, सूज नसली तरी.

तुझी धाकटी,
जिला कळायला हवं होतं,
एस्नात