दोन टिचक्या

प्रिय सोलापूर,

तुमचं नाव वैजनाथ, पण त्या नावानं मी कधी हाक मारली नाही. ट्रंक कॉल जोडायच्या आपल्या बोर्डावर माणसांना गावांचीच नावं असायची. आठवतं, सकाळी लाइन तपासताना माझा आवाज तुमच्याकडे नुसता खरखरत पोचायचा? एकदा वैतागून म्हणालात, "अहो पुणे, कॉन्व्हेंटात मोठ्यानं बोलायला शिकवत नाहीत का? माउथपीसवर टिचकी तरी मारा. एक म्हणजे नाही, दोन म्हणजे हो." मग जेवण झालं का, पाऊस आहे का, सगळं टिचक्यांवर चालायचं.

पुढे एसटीडी आलं, लोक स्वतःच नंबर फिरवायला लागले आणि आपले बोर्ड बंद झाले. मी बिबवेवाडीतल्या एका नव्या खासगी टेलिफोन कंपनीत लागले. "आपण फिरवलेला नंबर अस्तित्वात नाही," हे त्यांनी माझ्या आवाजात भरून घेतलं. कंपनी आधी दिल्लीवाल्यांनी घेतली, मग परदेशातल्या कुणी. पाट्या बदलल्या, साहेब बदलले, नाही म्हणणारी बाई तीच राहिली. पुणेकरांना इतक्या गोडीनं नकार दुसऱ्या कुणी दिला नसेल.

वहिनी गेल्यानंतरच्या दिवाळीत तुम्ही लिहिलंत, की कधीकधी मुद्दाम पुण्याचा चुकीचा नंबर फिरवून ते ऐकता. मी ते पत्र उशीखाली ठेवलं. पण या महिन्यापासून तिथं कॉम्प्युटरचा आवाज आहे. आता चुकीचा नंबर फिरवू नका.

बोर्ड बंद होण्याआधी तुम्ही विचारलं होतंत, "पुण्याला येऊ का?" मी एक टिचकी मारली आणि दुसरीच्या आत कुणाचा तरी अर्जंट कॉल मध्ये घुसला. तुम्ही आला नाहीत, पुन्हा विचारलंही नाहीत; मग तुमच्या लग्नाची पत्रिका आली. तुम्हाला एकच ऐकू गेली असणार.

गुरुवारी माझ्या घशाचं ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणजे आवाज उरणार नाही. सध्याचा घोगरा आवाज तुम्हाला ऐकवायचा नव्हता, म्हणून फोन न करता लिहिते आहे. माझा जुना हेडसेट शेफालीला, माझ्या भाचीला. ती हिंजवडीच्या कॉल सेंटरमध्ये रात्रभर बोलत असते. माझ्या त्या नकाराची कॅसेट तुम्हाला. रविवारी शेफालीच ती घेऊन येईल, तिला चहा द्या. आणि मी घरी आले की फोन करून तोच प्रश्न पुन्हा विचारा. या वेळी दुसरी टिचकी येईपर्यंत थांबा.

तुमचीच,
पुणे