चकलीचं तापमान

१९ जानेवारी, रविवार
आन्याला शॅम्पेनला कॉलेजच्या डॉर्मवर सोडून नेपरव्हिलला घरी परत. डॉर्ममध्ये तिचा साप चालत नाही. माझ्या ऑफिसरूममध्ये चालतो. बॉल पायथन, नाव चकली. हे नाव ठेवलं त्या दिवसापासून मी दिवाळीत चकली खाल्लेली नाही.
गराजच्या फ्रीझरमध्ये खवलेल्या नारळाशेजारी गोठवलेले उंदीर. डबा वेगळा आहे म्हणे. शी.
आन्याने दोन पानी सूचना लॅमिनेट करून ठेवल्यात. सापाच्या काचेच्या टाकीखाली हीट मॅट, म्हणजे तापणारी चटई, मॅटला थर्मोस्टॅट, थर्मोस्टॅटची सेन्सर वायर टाकीत. गरम बाजू ८९ डिग्री फॅरनहाइट. निघताना म्हणाली, "बाबा, बाकी काही विसरलास तरी चालेल, थर्मोस्टॅटला हात लावू नकोस."
एकोणीस वर्षं डेटा सेंटरचं कूलिंग सांभाळतोय. मला तापमान शिकवते.

२० जानेवारी
वास येतो. बायकोच्या, म्हणजे आसावरीच्या मते काहीही वास येत नाही, मी नाकाला रुमाल लावून खोलीत शिरतो म्हणून मला तसं वाटतं. बायोलॉजी शिकवणाऱ्या बाईशी वाद घालणं व्यर्थ.
ठरवलं: स्पर्श नाही. फक्त मॅनेजमेंट.

२२ जानेवारी, सकाळी ७.१०
बाहेर तापमान उणे. गाडी सुरू व्हायला तयार नाही. चकलीने मात्र काम उरकलंय, तेही नेमकं सेन्सरवर. ओलं, पांढरं-तपकिरी. कॉफी ओतून दिली.
सूचना पान दोन: सेन्सर घाण झाल्यास पुसून परत चिकटवणे.
दुपारी १२.३०
थर्मोस्टॅटचा दिवा सारखा लागतो, विझतो. सिस्टिम अस्थिर. आसावरी म्हणाली की लागणं-विझणं हेच त्याचं काम. तिला कंट्रोल सिस्टिम्सचा अनुभव नाही.
चिमट्याने वायर बाहेर काढली, थर्मोस्टॅट बाजूला केला, मॅटचा प्लग सरळ भिंतीत. आता दिवाच नाही. पूर्ण स्थिर. निर्णय निव्वळ टेक्निकल. घाणीचा संबंध नाही.

२४ जानेवारी
आन्याचा व्हिडिओ कॉल. गरम बाजूचं रीडिंग विचारलं. ८९ सांगितलं. आकडा कागदावर होताच.
थँक यू बाबा म्हणाली. मुलगी समंजस होतेय.

२७ जानेवारी, सोमवार
चकली सकाळपासून पाण्याच्या भांड्यात बसून आहे, गरम बाजूकडे फिरकत नाही. रिलॅक्स्ड. फोटो काढून आन्याला पाठवला, खाली लिहिलं, स्पा डे.
मिनिटाच्या आत फोन. टाकीच्या तळाला हात लावून बघ म्हणाली. मी म्हटलं, मीटिंगमध्ये आहे. (नव्हतो.) मग तिने आईला लावला. आसावरीने तळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. बोटं लाल. प्लग खेचला.
चकलीच्या पोटावर चार इंचांचा तपकिरी पट्टा. मधे फोड. मला बघवेना. बेसिनपाशी जाऊन उभा राहिलो.

२८ जानेवारी
चकलीला व्हेटकडे नेलं. थर्मोस्टॅटशिवाय मॅट तापतच राहते आणि सापाला पोट भाजतंय हे वेळेवर कळत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. प्लग भिंतीत कोणी लावला, विचारलं. मी व्होल्टेज फ्लक्च्युएशनबद्दल सांगू लागलो. आसावरी नुसती बघत होती. "मी लावला," म्हणालो.
मलम लावताना मलाच धरायला दिलं. चिकट असेल अशी खात्री होती. कोरडी निघाली, थंडगार. मनगटाला वेटोळं घालून बसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचा हात गरम आहे म्हणून.
जखम भरायला दोन-तीन महिने. डाग राहील.

१ फेब्रुवारी, शनिवार
आन्या बसने आली. ओरडेल म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. ओरडली नाही. टाकी रिकामी केली, धुतली, पेपर टॉवेल अंथरले. मी पिशवीत गाठ मारून ठेवलेला सेन्सर तिने काढला, ओल्या टिश्यूने पुसला, जागी चिकटवला. दहा सेकंद लागले असतील. थर्मोस्टॅट लावला. दिवा लागला, थोड्या वेळाने विझला.
मग विचारलं, "बाबा, तुला घाण वाटली म्हणून काढलास?"
म्हटलं, तसं नाही, सिस्टिम अस्थिर होती. तिने ती रिकामी पिशवी माझ्यासमोर धरली.
"हो," म्हणालो.
"मग तेवढंच सांगायचंस ना. आय वुड हॅव आस्क्ड सोनलमावशी."
सोनल दोन घरं सोडून राहते. चकली आता तिच्याकडे राहणार. मलम मी रोज तिथे जाऊन लावतो म्हटलं. आन्या म्हणाली, नको, मावशीला दाखवलंय.
आसावरीने टाकी उचलली, आन्याने चकली स्वेटरच्या आत घेतली. मला दार धरून उभं राहायला सांगितलं. तेवढं नीट धरलं.