बाटलीतलं पाणी

भोंगवली, ता. भोर
१ एप्रिल १९७४

प्रिय जगनदादास,
सप्रेम जयभीम.

तुझं कार्ड पोचलं. पुण्याला जाऊन तुझं अक्षर पार बिघडलं बघ. 'बाळ' लिहिलंयस की 'बोळ', तेच कळेना. दवाखान्यात नोकरी, तेव्हा डॉक्टरांच्या अक्षराचा वाण नाही पण गुण लागलाच. बाळाला दात यायला लागले, वहिनीची तब्येत सुधारली, हे वाचून जिवाला बरं वाटलं. इकडे आमचं ठीक चाललंय. शेळी व्याली, दोन पिल्लं, दोन्ही पाटीच झाल्या. माझ्या बालवाडीतली पोरं 'अ' म्हणायच्या आधी अजून अंगठा चोखून घेतात.

जयंतीला बाळाला घेऊन येतोस, वस्तीला त्याचं तोंड दाखवतोस, असं लिहिलंस. दादा, या खेपेला वहिनीला आणि बाळाला आणू नकोस. ऊन फार आहे. एस.टी.त पाय ठेवायला जागा नसते. शिवाय घरात ढेकूण झालेत. खाटा उन्हात टाकल्या, रॉकेल लावलं, तरी हटत नाहीत. लेकराची कातडी कोवळी.

ढेकणांचं वाचून तू हसशील. आपण दोघं ढेकणांतच वाढलो. तेव्हा आता खरं तेच लिहिते.

वस्तीत ताप आहे, मुदतीचा. होळीच्या आधीपासून चालू आहे. शेजारच्या भामाबाईंचा ज्ञानू त्यातच गेला. माझ्याच बालवाडीत यायचा. नाव विचारलं की बापाचं सांगायचा आणि सगळे हसले की आपणही हसायचा. तुला कळवणार होते, पण आई नको म्हणाली. का नको म्हणाली, ते मला परवा कळलं.

आपल्या विहिरीचं पाणी खराब निघालंय, दादा.

तू म्हणशील, असं कसं होईल? दिवाळीला तूच दवाखान्यातून बाटली आणलीस, तूच पाणी तपासून घेतलंस. 'पाणी उत्तम आहे, बिनघोर प्या' असं तुझं कार्ड आलं आणि मीच ते ओट्यावर उभं राहून साऱ्या वस्तीला वाचून दाखवलं. आईचा चेहरा तू बघायला हवा होतास. गावानं पाणवठ्यावर येऊ दिलं नाही म्हणून बाबांनी खणलेली विहीर; पण पाण्याला वास यायचा, म्हणून ती धुण्याला आणि जनावरांना. प्यायला बायका डोंगराकडेच्या झऱ्यावरच जायच्या. कार्ड आलं आणि झऱ्याची वाट बंद झाली. येईल त्या बाईला आई म्हणायची, "घ्या गं, सरकारनं पास केल्यालं पाणी हाय."

ताप वाढला तेव्हा भोरहून आरोग्य खात्याचे आनंदराव आले. त्यांनी विहिरीत दोरी सोडून स्वतः बाटली भरली. पाण्यात मैला उतरतो, असा निकाल आला. गावाचे उकिरडे आणि परसाकडची जागा वरच्या अंगाला, आपली विहीर खालच्या. जमीन मिळाली तीच तिथं. परवा ते विहिरीत पावडर टाकायला आले तेव्हा मला म्हणाले, "बाई, दिवाळीत हेच पाणी चांगलं कसं निघालं? मला तर काही उमगत नाही."

आई तिथंच तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"बाटलीत हिरीचं पाणी नव्हतंच," ती म्हणाली. "म्या झऱ्याचं भरलं हुतं."

आठवतं का? तू तिच्या हातात बाटली दिलीस आणि कोंडिबाकाकांना भेटायला गेलास. तेवढ्यात ती झऱ्यावर जाऊन आली. आनंदराव गेल्यावर मी ओरडलेच, असं का केलंस गं?

"पुण्याच्या सायबांम्होरं आपल्या घरचं पाणी जायचं. वास मारणारं कसं धाडू? पाव्हण्याला तरी आपन देतो का? जलमभर ऐकलं, तुमच्या हातानं पाणी बाटतं. म्हनलं, एकदा तरी कुनी म्हनावं, साळूबाईच्या घरचं पाणी चोख हाय."

"मग कार्ड आलं तेव्हा का बोलली नाहीस?"

"झरा काय आन् हीर काय, एकाच डोंगराचं पाणी. सरकारला एक पसंत पडलं, म्हंजे दुसरंबी चांगलंच आसंल की."

मी तिला वाट्टेल तसं बोलले. नंतर माझीच मला लाज वाटली. तू बाटली देताना 'तपासायला' म्हणालास. आजवर कुणी काही तपासायला आलं की त्यात आपणच नापास होत आलो. तिनं या वेळी पास व्हायचं ठरवलं. तिचा राग येतो आणि तिची कीवही येते, दादा. काय करू, कळत नाही.

काल सकाळी ती भामाबाईंकडे निघाली. मी अडवलं, ऐकलं नाही, म्हणून मागोमाग गेले. उंबऱ्याशी बसून तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. भामाबाई रडल्या नाहीत की शिव्या दिल्या नाहीत. वैरी दारात आला तरी आपल्यात पाणी विचारतात. त्यांनी विचारलं नाही. आई बराच वेळ बसली आणि उठून घरी आली.

भामाबाईंची धाकटी मुलगी भोरच्या दवाखान्यात आहे. तिचा ताप उतरलेला नाही.

बायका पुन्हा झऱ्यावर जातात. उन्हाळ्यामुळे धार करंगळीएवढी झालीय, नंबर लावावा लागतो. मी पाणी उकळून ठेवते. आई मात्र विहिरीचंच पिते, न उकळता. आनंदराव म्हणाले होते, घाण रोज उतरते, नुसत्या पावडरीच्या भरवशावर राहू नका. मी तिचा हंडा ओतून दिला की ती पुन्हा भरून आणते. माझं ऐकत नाही. तुझं कदाचित ऐकेल. तू एकटा ये, आणि जयंतीची वाट बघू नकोस. पत्र मिळताच नीघ.

बाळाला आणू नको, हे खरं म्हणजे तिचंच म्हणणं. "माझ्या हातनं त्याला पाणी पाजलं जाईल," म्हणाली. ज्या नातवासाठी दिवाळीपासून दिवस मोजत होती, त्याच्याबद्दल असं म्हणाली.

आत्ता तिला विचारलं, बाळाला काय आशीर्वाद लिहू? ती भिंतीकडे तोंड करून पडलीय. म्हणाली, "माझा नगं लिवूस."

म्हणून बाळाला आत्याचा एकटीचाच आशीर्वाद.

तुझी,
लीला