एका पोरीमागे एक पास

३ मे ७४, शुक्रवार

लिहिणं पुढं ढकलता ढकलता सगळा उन्हाळा निघून चालला. ताईनं वही दिली तेव्हा म्हणाली होती, रोज चार ओळी लिही, अक्षर तरी माणसासारखं होईल. पहिल्या पानावर नाव लिहिलं, दुसऱ्यावर ट्रक काढला. मग रायपूर, मग इटारसी, मग ताप. आज लिहितो कारण डोकं भणभणून राहिलं आहे आणि भांडायला समोर कोणी नाही.

भाऊजींबरोबर पोहण्याच्या तलावावर गेलो होतो. आमच्या सक्करदऱ्याच्या नाही, शहरातल्या, फरशीवाल्या. रविवारी भाचीची, सुमीची शर्यत. बारावं लागलंय तिला. शाळेच्या पी.टी.च्या बाईंनी नाव दिलं. फाटकापाशी टेबल टाकून चष्मेवाला सेक्रेटरी बसला होता. (पुढं नुसतं चष्मा लिहीन, हात दुखतो.) म्हणाला, "एका मुलामागे एक पास. आई किंवा वडील. गॅलरी लहान आहे."

भाऊजी म्हणाले, "साहेब, पोट्टी काय मी एकट्यानं पैदा केली का?"

मागं हशा. चष्म्यानं मान वर केली नाही. "नियम सगळ्यांना सारखा आहे."

"अन् त्या खुर्च्या?" आत पांढरं कापड घातलेल्या खुर्च्या मांडून राहिले होते.

"त्या पाहुण्यांच्या."

सदर भागातला एक कापडवाला होता. त्याच्या दोन पोरी, म्हणून दोन पास. म्हटलं हा तरी खूश असेल. तर तो सगळ्यात जोरात, "और मेरी माँ को क्या घर में ताला लगाके रखूँ?"

येताना रसाच्या गाड्यावरचा बैल पाहत उभा राहिलो. डोळ्यांवर पट्टी बांधलेली, तरी बरोबर गोल फिरतो. भाऊजी सायकल घेऊन कधीच पुढं निघून गेले. पायी आलो.

४ मे

पास कोणी न्यायचा? मला वाटलं रात्रभर चालेल. भाजी फोडणीला पडायच्या आत मिटलं.

ताई म्हणाली, "मी कधी पाह्यलं हो पोट्टीले पोहताना? विहिरीवर तुमी बाप-लेक, अन् मी चुलीपाशी."

"जाय मंग तूच. मी तं रोजच पाह्यतो वं."

बस. सुमीही हो म्हणाली. तिघांच्याच काय, माझ्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही, हे लिहून ठेवतो.

भाऊजींची वाडी सक्करदऱ्याच्या पुढं. वांगी, पालक, सांभार (शहरात कोथिंबीर म्हणतात). मधोमध विहीर. सुमी लहान होती तेव्हा पाठीला वाळका भोपळा बांधून भाऊजींनी तिला पाण्यात सोडली. मग भोपळा सुटला, सवय राहिली. भाऊजी खालच्या पायरीवर उभे राहतात आणि हाक घालतात, "होओओ, ये माय, ये!" ती समोरच्या काठावरून उडी मारते आणि दोरीनं ओढल्यासारखी त्यांच्या पायाशी येते. मी पाहिलंय. काय येते!

रायपूरचा ट्रक येत्या शनिवारी निघतो म्हणे. ड्रायव्हर सरदारजीला येतो म्हटलंय. पाहू.

५ मे, रविवार

सगळं उलटंपालटं.

ताई आत. तलावाच्या पलीकडच्या टोकाला भिंत आहे, भिंतीबाहेर कडुनिंब. आम्ही बाहेरवाले तिथं जमलो, मी झाडावर. खालच्यांना शर्यत सांगायचं काम माझं. खाली भाऊजी, कापडवाल्याची म्हातारी आई, कोणाचे आजोबा, कोणाची काकू. पिवळ्या लुगड्यातली एक बाई एकटी उभी होती. शहरी बोलणं. "अहो, माझी पहिल्या पट्टीत आहे. दिसते का?" पहिली पट्टी भिंतीआड जाते, काहीच दिसत नव्हतं. म्हटलं, पुढं आहे तुमची! बाईंनी हात जोडले. वाईट वाटलं, पण आता काय.

मग सुमीची. लाल टोपी सगळ्यांच्या पुढं. मी ओरडलो, "भाऊजी, आपली सुमी! आली, आली!" भाऊजींनी म्हातारीच्या हातातला पंखा घेऊन हवेत फिरवला. आणि तेव्हा आठवलं, सुमीची टोपी निळी.

निळी टोपी दोन पट्ट्यांमधल्या दोराला जाऊन अडकली होती. सुटली, चार हात मारले, दुसऱ्या बाजूच्या दोराला. अशी वाकडीतिकडी जाऊन तिसरी लागली. तिघी फायनलला जातात म्हणून गेली. नाही तर तिथंच खतम.

ताई बाहेर आली ती पदरानं तोंड पुसत. "आंधळ्यावानी जाऊन राह्यली होती! मी उभी झाली, हाक देली, तं पट्टेवाला म्हणते, बसा बाई, मागच्यांना दिसत नाही. मागं कोणी नव्हतंच नं! समद्या खुर्च्या रिकाम्या!"

पाहुणे आलेच नव्हते.

हे बाहेर कळलं आणि भडका उडाला. काकूनं जेवणाचा डबा फाटकावर वाजवायला सुरुवात केली. मग कोणी चप्पल, कोणी छत्री. मी झाडावरून उतरलो नाही. शिट्ट्या मारल्या. मजा आली, खोटं कशाला लिहू?

६ मे

सकाळी विहिरीवर. भाऊजींनी हाक न देता उडी मारायला लावली. मधल्या पाण्यात गेली आणि तिरपी झाली. थेट उलट्या भिंतीला.

"डोळे उघडे ठेवतं का नाई वं तू?"

"नाई."

"काहून?"

"तुमीच तं सांगतलं होतं बाबा. खाली पाहू नको, डोये मीट, माह्या आवाजाकडं ये."

भाऊजी पायरीवर बसले. विहीर काळी, पोर लहान, घाबरू नये म्हणून तेव्हा तसं सांगितलं असेल. त्यांनी सांगणं थांबवलं, तिनं ऐकणं थांबवलं नाही.

मग दिवसभर डोळे उघडून प्रयत्न. उघडले की हात थांबतात. "मामा, लय खोल दिसते." ओठ निळे पडेपर्यंत केलं. शेवटी ताईनंच बाहेर काढली.

म्हणजे पास भाऊजींना द्यायला हवा होता. ठीक आहे, फायनलला देऊ. येता रविवार अजून हातात आहे.

८ मे, बुधवार

हातात काही नाही. फाटकावर सूचना लागली. रविवारच्या गोंधळामुळे फायनलला पालकांना प्रवेश बंद. कोणालाच नाही.

ताई सूचनेकडं पाहून म्हणाली, "पोट्टं आमचं, पाणी त्याइचं, अन् पाह्यणार खुर्च्या!"

९ मे

भाऊजी चष्म्याच्या ऑफिसात गेले, सदरला. धुतलेला सदरा, सोबत सांभाराच्या जुड्या. मी बाहेर सायकलीपाशी. समोर एक जण माकडाचा खेळ लावून बसला होता. माकड सासरी जायला तयार नव्हतं. तेवढं पाहून आत गेलो, तोवर भाऊजींनी सगळं सांगून टाकलं होतं. विहीर, हाक, मिटलेले डोळे. साधा माणूस. म्हणत होते, "आत नका घेऊ साहेब. मी भिंतीच्या बाहेरूनच हाक देतो. तुमचं काय जाते?"

चष्मा शांतपणे म्हणाला, "बाहेरून हाक म्हणजे बाहेरची मदत. नियमात बसत नाही. ज्या मुलीला हाक येईल तिचं नाव कापावं लागेल. बरं झालं आधी सांगितलंत."

जुड्या टेबलावर तशाच. भाऊजी उठले. मी त्या उचलून घेतल्या. म्हटलं, साहेब, ही बी बाहेरची मदत.

भाऊजींनी सायकल हातानं ढकलतच आणली. घराजवळ आल्यावर एवढंच, "मले तोंड उघडाची काय गरज होती गा?"

हाक दिली तर नाव कापणार. नाही दिली तर दोराला अडकणार. सुमीला काही सांगितलेलं नाही, पण ती जेवली नाही.

१० मे

मार्ग सापडला! माझा नाही. कापडवाल्याच्या आईचा.

तिच्या दुकानात बसलो होतो. कापडाच्या गठ्ठ्यांवर पाय पसरून म्हातारी सगळं ऐकत होती. म्हणाली, "एक बुलाएगा तो एक का नाम कटेगा. सब बुलाएँगे तो किसका काटेगा?"

फायनलला सहा पोरी. सहाही पोरींच्या घरच्यांनी भिंतीबाहेर उभं राहून एकच हाक द्यायची. कापायची तर सगळ्यांची नावं काप आणि खुर्च्यांनाच पोहायला लाव. कापडवाल्याच्या दोन्ही पोरी फायनलला. कळमेश्वरहून बसनं येणारी नर्सबाई, तिची एक. तिला विचारलं, तर म्हणाली, "माझा घसा मोठा आहे. वॉर्डात सवय आहे." मेकॅनिक आहे एक, त्याची पोरगी. तोही हो म्हणाला. आणि आपली सुमी. पाच झाल्या.

सहावी पहिल्या पट्टीवाली. तिचं घर कोणाला माहीत नाही. ती सोडून पाचांची नावं कापली, तर ती एकटी पोहणार आणि एकटी जिंकणार. इथंच अडकतं. पिवळ्या लुगड्याला शोधत सदरच्या दोन गल्ल्या फिरलो. मग एका ठिकाणी गरम जिलबी. नाही सापडली.

भाऊजी म्हणतात, "लोकायच्या पोट्ट्यायची नावं माह्या पोट्टीपायी कापली गेली तं?" ताईनं लाटणं हातात तसंच धरून सांगितलं, "ते लोक सोताहून येऊन राह्यले ना? तुमी निस्ती हाक द्या."

११ मे, शनिवार

ट्रक सकाळी गेला. सरदारजीनं कोपऱ्यावर हॉर्न दिला. मी वाडीतूनच हात हलवला. रायपूर काही पळून जात नाही.

दुपारनंतर सगळे वाडीत. म्हातारी टांग्यातून आली. पाटावर बसवली तर पाट नको म्हणाली, विहीर दिसत नाही इथून. सुमीला उडी मारायला लावून सगळ्यांनी हाक दिली. सुमी मधोमध थांबून गोल गोल फिरली. वर आली तर हसून हसून बेजार. "मामा, कोण म्हणून राह्यलं ते, 'आ माई आ'? माह्या पोटात पाणी गेलं!"

मग भाऊजींनी शिकवलं. 'हो' लांबवायचा. 'माय' हलकं. शेवटचा 'ये' घाईनं नाही. नर्सबाईंना लगेच जमलं. मेकॅनिकचा 'हो' म्हणजे ट्रक चढावर. कापडवाला ग्राहकाला बोलावतो तसा बोलावतो, त्याला तीनदा परत म्हणायला लावलं. सगळे एका पायरीवर, भाऊजी मधे, आणि आधी त्यांची हाक, मागून बाकीच्यांची. चौथ्यांदा सुमी सरळ आली. भाऊजींच्या पायाला हात लावला तेव्हाच डोळे उघडले.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. मेकॅनिक म्हणाला, उद्या नाव कापलं तरी मी हाक घालणारच. माझी पोरगी माझी आहे, सेक्रेटरीची नाही.

सहावीचं काय, ते कोणी काढलं नाही. माझ्या मनात होतं.

ऊन उतरलं. सगळे चहाला बसलेत, मी पंपाच्या खोलीच्या सावलीत लिहून राहिलो आहे. फाटकापाशी स्कूटर थांबली. आत्ता.

चष्मा!

मागच्या सीटवरून बाई उतरली. पिवळं नाही, आज हिरवं आहे, पण तीच. मला पाहून म्हणाली, "तुम्हीच ना, झाडावरचे?"

पहिल्या पट्टीची, म्हणजे आमच्या सहावीची आई चष्म्याच्या स्कूटरवरून उतरली. म्हणजे रविवारी यानं आपल्या घरचा पास आपणच वापरला आणि बायको भिंतीबाहेर. नियम सगळ्यांना सारखा! हसू की काय करू, कळेना.

चष्म्यानं घसा साफ केला. "थोडं बोलायचं होतं."

भाऊजी उठले नाहीत. कपातला चहा बशीत ओतता ओतता मला म्हणाले, "बाळ्या, विचार त्याइले. आई का बाप? वाडी लहान हाये."

ताईनं फाटक उघडलं. एका माणसापुरतं. बाई आत आल्या. चष्मा अजून बाहेर उभा आहे.