आईचं घड्याळ

दादा,

आईला स्मृतिभ्रंश झालाय, असं मीच तुला ठामपणे सांगितलं होतं. वीस वर्षं त्यावरच संशोधन करतेय, म्हणून तूही ऐकलंस. तिला कागदावर घड्याळ काढायला दिलं, तर सगळे आकडे एकाच बाजूला!

गेल्या आठवड्यात तशीच चाचणी घेताना तिला दरदरून घाम फुटला, म्हणून रक्तातली साखर तपासली. पार तळाला गेली होती. तिच्या मधुमेहाच्या गोळीचा डोस मीच वाढवला होता रे. लगेच कमी केला.

आज तिने घड्याळ झकास काढलं. म्हणाली, "आता तू काढ." माझं सगळं लक्ष त्या गोळीकडे, काटे वाकडे आले.

"हिला कुणाला तरी दाखवायला हवं," आई म्हणाली.

हे पत्र काही टाकणार नाही. फोनवर एवढंच सांगेन, आई बरी आहे.

तुझी,
अतिशहाणी धाकटी